तबकडीवरचे पात्र

परभणीच्या आमच्या जुन्या घरात पुढच्या दोन खोल्या माळवदाच्या होत्या आणि मागची एक पत्र्याची. काकांच्या फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, निम्म्या तबकड्या माळवदाखालच्या कोनाड्यात राहिल्या आणि निम्म्या पत्र्याखालच्या ट्रंकेत गेल्या. लाखेच्या या वस्तूला आमच्याकडचा मे महिना सोसत नाही. चार-पाच उन्हाळ्यांत ट्रंकेतल्या तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या वाकल्या. एका तबकडीला तर घरातल्याच कोणीतरी कढत पाण्यात घालून, पातेल्यावर दाबून, वाडग्याचा आकार दिला होता आणि त्यात सुपाऱ्या ठेवल्या जात. मधल्या भोकातून भुकटी गळत असे. वाडग्याच्या तळाशी लेबल शाबूत होते. त्यावर पदाची पहिली ओळ, तिच्याखाली नाटकाचे नाव, 'एकच प्याला', आणि त्याखाली बालगंधर्व.

त्या लेबलावरची मधली ओळ आपण वाचायची सोडून दिली, हे या लेखाचे म्हणणे आहे. पद कोणते आणि गायक कोण, एवढे आपल्याला आजही पुरते. ते कोणत्या नाटकातले, कोणत्या पात्राच्या तोंडचे, कोणाला उद्देशून म्हटलेले, हे विचारण्याची सवय मोडली आहे. मैफलीत निवेदक राग सांगतो, संगीतकार सांगतो, क्वचित एखादी आख्यायिका सांगतो आणि गायक आलाप सुरू करतो. भाषेनेही हा बदल निमूटपणे नोंदवला आहे. ज्याला कंपनीतली माणसे 'पद' म्हणत त्याचे 'नाट्यगीत' झाले, आणि नाट्यगीत म्हणजे ख्यालानंतर आणि भैरवीच्या आधी म्हणायचा एक सुटसुटीत प्रकार, अशी त्याची जागा ठरून गेली.

मूळ नटाने गायलेली तबकडी मात्र मैफलीची नसते, ती भूमिकेची असते. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग 1919 च्या फेब्रुवारीत बडोद्यास झाला. नाटककार राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच वारले होते आणि नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली होती. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. भरजरी शालू आणि अत्तराचा घमघमाट यांसाठी प्रसिद्ध असलेला हा नट या नाटकात फाटक्या लुगड्यात उभा राहिला. आता 'कशी या त्यजू पदाला' हे पद दोन प्रकारे ऐकून पाहावे. एखाद्या चांगल्या गवयाने मैफलीत गायलेले ऐकले तर त्यातली सुरावट, जागा आणि समेवर येण्याची नजाकत कानात भरते. बालगंधर्वांची तबकडी ऐकताना, माहेरची माणसे न्यायला आलेली असताना दारुड्या नवऱ्याला सोडून जायला नकार देणारी बाई बोलते आहे, हे आधी लक्षात येते आणि गाणे मागाहून. शब्द कुठेही तानेखाली दडपला जात नाही. हरकत येते ती शब्दाच्या शेवटाला, जिथे बोलतानाही माणसाचा आवाज किंचित हलतो तिथे. गवयाला दिसणारी जागा आणि नटाला दिसणारी जागा यांतला हा फरक स्वरलिपीत उतरत नाही. तो फक्त त्या तबकडीवर आहे.

कोणी म्हणेल, तो बालगंधर्वांच्या गळ्याचा गुण आहे, भूमिकेचा नव्हे. हा आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही, कारण ज्यांनी भूमिका पाहिली ती माणसे आता उरलेली नाहीत आणि उरला आहे तो गळाच. तरीही एक कसोटी प्रत्येकाला घरी करून पाहता येते. त्यांचेच 'स्वयंवर'मधले रुक्मिणीचे एखादे पद आणि सिंधूचे हे पद लागोपाठ ऐकावे. खाडिलकरांच्या 1916 च्या त्या नाटकाला भास्करबुवा बखल्यांच्या चाली आहेत. तिथे गाण्याला मोकळे अंगण आहे आणि रुक्मिणी राजकन्या आहे, तिला घाई नाही. गळा तोच असूनही लगाव, म्हणजे स्वर लावण्याची रीत, बदललेला ऐकू येतो, सिंधूच्या पदातले आवरते घेणे रुक्मिणीच्या पदात नाही. हे आवरते घेणे कोणत्याही घराण्याने शिकवलेले नव्हते, ते पात्राकडून आले होते.

या बाबतीत मराठवाड्याचा अनुभव वेगळा आहे आणि म्हणून हा प्रश्न मी इथून मांडतो आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरी आणि शाळा उर्दूच्या होत्या. मनमाडला मोठी रेल्वे संपून निजामाची मीटरगेज सुरू होत असे आणि सामानाचा प्रत्येक डाग उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पडदे, गालिचे, पेट्या, ऑर्गन, शंभर माणसांचा संसार असे सामान घेऊन फिरणाऱ्या नाटक कंपनीला हा खटाटोप परवडणे अवघडच होते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने प्रयोग पाहिला आणि मग आठवण म्हणून तबकडी घेतली. आमच्याकडे पुष्कळ घरांत क्रम उलटा होता, किंबहुना पहिली पायरी नव्हतीच. तबकडी हेच नाटक होते. माझ्या आजीने संगीत नाटकाचा प्रयोग आयुष्यात पाहिला नाही, पण तिला सिंधू ठाऊक होती, 'मानापमान'मधली भामिनी ठाऊक होती, आणि पिन घासून आवाज चिरका होऊ लागला की 'बाई दमली, पिन बदला' असे ती म्हणत असे. चावी देणाऱ्याने त्या नाटकाची गोष्ट सांगायची आणि मग तबकडी लावायची, असा काकांचा शिरस्ता होता. ही पद्धत गरजेतून आली होती, पण ती बरोबर होती, असे मला आता वाटते.

या प्रकाराला परदेशात स्वतंत्र नाव आहे, 'ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग', म्हणजे मूळ नटसंचाची ध्वनिमुद्रिका. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1943 च्या मार्चमध्ये 'ओक्लाहोमा!' हे संगीत नाटक आले आणि त्याच वर्षी डेक्का कंपनीने त्यातलेच नट, त्यातलाच गायकवृंद आणि त्यातलाच वाद्यमेळ घेऊन सहा तबकड्यांचा संच काढला. गाणी नाटकातल्या क्रमाने होती. लाखो घरांत तो गेला आणि तेव्हापासून तिथे नाटक उघडले की त्याची अशी मुद्रिका निघणे हा नियमच झाला. 'माय फेअर लेडी' 15 मार्च 1956 ला उघडले आणि दहाच दिवसांनी, 25 मार्चला, नटसंच ध्वनिमुद्रणासाठी उभा होता. मुद्रिका काढणाऱ्या कोलंबिया रेकॉर्ड्सच्याच मालक कंपनीने, सीबीएसने, नाटकात पैसा घातला होता, तेव्हा या घाईत व्यवहारही होता. पण त्या व्यवहारातून काय वाचले ते पाहण्यासारखे आहे. 1964 साली चित्रपट निघाला तेव्हा मूळची नायिका ज्यूली अँड्र्यूज हिला वगळून ऑड्री हेपबर्नला घेतले गेले, आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या तिसऱ्याच गायिकेने गायली. नाटकाची नायिका असलेली ती फुलवाली रंगभूमीवर कशी गात होती, हे आज कळते ते त्या मुद्रिकेमुळेच. तिच्यासमोरचा रेक्स हॅरिसन तर गायक नव्हताच. तो सुरात बोलत असे, आणि मुद्रिकेने ते बोलणे 'सुधारले' नाही. (बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावर हे बेतलेले आहे त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिले आणि ते गद्यच ठेवले. संगीत नाटकाची एवढी परंपरा असलेल्या भाषेत असे व्हावे, याचे मला अजून नवल वाटते.)

आपल्याकडे असा संच काढण्याची रीत पडली नाही. गाणी सुटी निघाली, आज एक, दोन वर्षांनी दुसरे, तिसरे भलत्याच कंपनीच्या शिक्क्याखाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत, आणि रंगमंचावर तेच पद 'वन्स मोअर' घेत घेत कितीतरी लांबत असे. 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले. त्याआधी गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, मान फिरवायची नाही, तबला कुठे तरी मागे टकटकत राहायचा. तेव्हा तबकडी म्हणजे प्रयोग नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. संक्षेप करताना नटाने काय ठेवले आणि काय सोडले, हाच खरे तर ऐकण्याचा विषय आहे. रात्रभर चालणाऱ्या खेळातले एक पद तीन मिनिटांत बसवायचे असेल तेव्हा कलावंत आपल्या दृष्टीने जे टाकता येणार नाही तेच ठेवतो.

'मूळ नटसंच' हा शब्दही मराठीत जपूनच वापरावा लागतो. 'मानापमान' 12 मार्च 1911 ला रंगभूमीवर आले तेव्हा भामिनी बालगंधर्व होते. नायक धैर्यधराची पदे आपण ज्यांच्या आवाजात ओळखतो ते दीनानाथ मंगेशकर तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांची नाटक कंपनी, बळवंत संगीत मंडळी, निघाली 1918 साली, आणि दीनानाथांनी धैर्यधर आपल्या तडफेने, जवळजवळ नव्याने उभा केला. ब्रॉडवेचा काटेकोर अर्थ लावला तर त्यांची तबकडी 'मूळ' ठरत नाही. मला तो अर्थ इथे लावणे चुकीचे वाटते. आपल्याकडे एकच नाटक अनेक कंपन्या करीत, चाली हातोहात बदलत आणि प्रत्येक कंपनीचा धैर्यधर त्या कंपनीपुरता मूळच असे. ज्या नटाने ती भूमिका प्रयोगामागून प्रयोग अंगावर वागवली त्याची तबकडी ती मूळ, एवढी व्याख्या आपल्याला पुरे आहे. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेले, 'मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. त्या रात्रीचे वर्णन पानोपानी आहे आणि आवाज एक क्षणाचाही नाही.

त्याहून मोठी हानी त्याआधीची. 1882 च्या 'सौभद्रा'तली पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर. ते 1901 साली वारले, आणि ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने कलकत्त्यास यंत्र लावून पहिले मुद्रण केले ते 1902 च्या नोव्हेंबरात. जेमतेम पावणेदोन वर्षांची चुकामूक झाली आणि किर्लोस्करांच्या पिढीचा सर्वांत नावाजलेला आवाज आपल्याला ऐकीव कौतुकापुरताच उरला.

अलीकडच्या काळातही हीच गोष्ट दुसऱ्या रूपात घडते आहे. 'मत्स्यगंधा' 1964 चे. त्यातली अभिषेकीबुवांची चाल असलेली पदे आज प्रत्येक गावच्या दिवाळी पहाटेला होतात. 'देवाघरचे ज्ञात कुणाला' रामदास कामतांनी पराशर म्हणून गायले होते. आता त्यात पराशर उरलेला नाही, एक सर्वसाधारण विरक्ती उरली आहे. 'कट्यार काळजात घुसली' 1967 च्या डिसेंबरात आले. तिथे तर संगीत हाच कथेचा झगडा आहे: 'घेई छंद' हे एकच पद पंडितजींच्या अंगाने आणि खाँसाहेबांच्या अंगाने असे दोन प्रकारे येते आणि त्या दोन प्रकारांत माणसांचे वैर उभे आहे. वसंतराव देशपांडे खाँसाहेब होते, म्हणजे गातही तेच होते आणि जळतही तेच होते. 2015 च्या चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा आहे. त्यात कमीपणा नाही, तो चित्रपटाचा रिवाज आहे, आणि त्या चित्रपटामुळे आमच्याकडच्या तालुक्यांतली शाळकरी मुलेही ती गाणी म्हणू लागली हे मी पाहिले आहे. पण चित्रपट ऐकला म्हणजे 'कट्यार' ऐकली, ही समजूत मात्र कोणीतरी दूर करायला हवी.

ती कोणी दूर करायची, हा सार्वजनिक प्रश्न आहे. नाट्यगृहांच्या डागडुजीवर वर्तमानपत्रांतून लिहिले जाते, लिहायलाही हवे. गळक्या छताखाली कोण प्रयोग करणार? त्याच कळकळीने तबकड्यांविषयी कोणी बोलत नाही, कारण त्या कोणाच्याच खात्यात बसत नाहीत. 1967 च्या कायद्याखाली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्ग ठरवताना ग्रंथांची संख्या मोजली जाते. तबकडी हा ग्रंथ नाही. एका गावच्या वाचनालयाला (नाव सांगण्यात अर्थ नाही, असे अनेक ठिकाणी झाले असेल) कोणा वकिलांच्या वारसांनी त्यांचा सगळा साठा दिला होता. मी पाहायला गेलो तेव्हा तो जिन्याखाली उभा न ठेवता आडवा, एकावर एक रचलेला होता, वर जुन्या दैनिकांचे गठ्ठे होते, आणि खालच्या तबकड्यांचे तुकडे झाले होते. ग्रंथपाल सज्जन गृहस्थ होते. 'साहेब, नोंदवहीत याचा रकानाच नाही,' असे ते म्हणाले. मला त्यांच्यावर राग काढता आला नाही.

आजवर हे काम मुख्यत: खासगी संग्राहकांनी केले. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही त्यांची संस्था आहे, आणि घरोघरच्या हौशी माणसांनी आपापल्या तबकड्या संगणकावर चढवून सर्वांना ऐकायला दिल्या आहेत. त्यांचे ऋण मानूनही दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. पहिली वेगाची. तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते असे आपण धरून चालतो, पण जुन्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने भरलेल्या असतातच असे नाही. 74 ची तबकडी 78 ने फिरवली तर पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते, लय धावते आणि बालगंधर्व आहेत त्याहून बारीक आवाजाचे वाटू लागतात. 'जुन्या लोकांचे आवाज चिरके होते' हा जो समज आहे, त्यातला काही भाग तरी चुकीच्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीचा असतो. दुसरी उणीव मांडणीची. सगळे गायकाच्या नावाखाली लावलेले असते, नाटकाच्या नावाखाली काहीच नसते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे आणि मराठी रंगभूमीला त्या शहराने नामवंत नाटककार व दिग्दर्शक दिले आहेत. त्या विभागाने मराठवाड्यातल्या घराघरांत उरलेल्या तबकड्यांची यादी करावी, जाणकाराकडून योग्य वेगाने त्यांच्या प्रती काढाव्यात आणि त्या नाटकवार लावाव्यात. 'स्वयंवर' म्हटले की त्या नाटकाची जितक्या नटांनी गायलेली जितकी पदे मिळतील तितकी, संहितेतल्या क्रमाने, प्रत्येकापुढे अंक, पात्र आणि प्रसंग. जिल्हा ग्रंथालयांत याची प्रत असावी आणि वर्ग ठरवताना ती मोजली जावी. कायद्याची अडचण पुढे करण्याचे कारण नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो, तेव्हा लाखेच्या तबकड्यांचा बहुतेक काळ त्यातून सुटला आहे. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे असतो. खाडिलकर 1948 साली गेले, भास्करबुवा 1922 साली. 'स्वयंवर' मोकळे आहे. 'कट्यार'सारख्या नंतरच्या नाटकांसाठी परवानगी घ्यावी लागेल, ती मागावी.

यावर माझ्या एका मित्राने घेतलेला आक्षेप मला आजही टोचतो. तो म्हणाला, ही पुण्या-मुंबईच्या पेठांतली कला. आमच्या भारुडाचे, गोंधळाचे, जलशांचे आवाज कोणी साठवले नाहीत, आणि तू मराठवाड्याच्या पैशाने बालगंधर्व जपायला सांगतोस. त्याचा राग खरा आहे. पण त्याचे उत्तर बालगंधर्वांना टाकण्यात नाही. ज्या नोंदवहीत तबकडीला रकाना नाही तिच्यात भारुडाच्या ध्वनिफितीलाही नाही. एकासाठी तो उघडला की दुसऱ्यासाठी उघडतोच. भाऊराव कोल्हटकरांपर्यंत यंत्र पोहोचले नव्हते. आमच्या भारुडकारांच्या काळात ते प्रत्येकाच्या खिशात होते. पहिल्या हानीला निमित्त आहे, दुसरीला नाही. शिवाय ही कला फक्त पेठांची होती हेही पुरते खरे नाही: बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष, आणि आमच्या आजीसारख्या, कधी परभणीबाहेर न गेलेल्या बायांनी ती फोनोच्या कर्ण्यातून आपलीशी केली होती.

'खरखर ऐकवत नाही' हा आक्षेप मात्र मी फारसा मनावर घेत नाही. खरखरीची सवय दहा मिनिटांत होते. पुरुषाने गायलेल्या स्त्रीच्या पदाची व्हायला थोडी अधिक लागतात.

गेल्या वर्षी आम्ही सात-आठ जणांनी, एका शिक्षकाच्या घरी, काकांची जुनी पद्धत पुन्हा करून पाहिली. एकाने 'एकच प्याला'चा प्रवेश वाचायचा, पदाची जागा आली की थांबायचे आणि तबकडी लावायची. बारावीतली एक मुलगी सिंधूचे संवाद वाचत होती. सपाट, शाळेतल्या धड्यासारखे. पहिल्या पदानंतर तिने पुढचे वाक्य वाचायला घेतले तेव्हा तिचा आवाज आपोआप उतरला होता, आणि वाक्याच्या शेवटी ती क्षणभर थांबली. तिला कोणी काही सांगितले नव्हते. बैठकीत गाणे शिकलेले दोघे होते; त्यांनी त्या दिवशी रागाचे नाव काढले नाही.

या श्रावणात 'स्वयंवर' वाचायचे ठरले आहे. माळवदाखालच्या कोनाड्यातून चार बाजू चांगल्या निघाल्या, दोन नांदेडहून एकाने आणून दिल्या. एका पदाची तबकडी अजून कुठेच मिळालेली नाही. त्या जागी वाचणारा थांबेल, पदाच्या ओळी नुसत्या वाचून दाखवील आणि प्रवेश पुढे नेईल.